मेहरला सोडून आलो

बापू, तुमच्यावर मी कधी पुरता विश्वास ठेवला नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तुम्ही त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही, याचाच मला जास्त संशय यायचा. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस चिडतो, ताट सरकवतो, 'काय समजतीस गं मला' म्हणून ओरडतो. तुम्ही नुसते रेडिओचा काटा इकडून तिकडं फिरवत बसायचात. अंबडच्या कोर्टात मी कारकून म्हणून लागले तेव्हा तिथल्या जुन्या शिरस्तेदारांनी शिकवलं होतं, जो साक्षीदार फार शांत असतो त्याचा जबाब दोनदा वाचायचा. मला हसूच आलं. घरात माय आणि मी दोघी दुसरं काय करून राह्यलो होतो?

मायच्या तोंडून ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मला ती डोळ्यांनी दिसते. जालन्यात मस्तगडला सेठजींची सरकीची पेढी, तुम्ही तिथं मुनीम. मी मायच्या कडेवर. माय तुमचा डबा घेऊन मागच्या दारानं येते आणि पडद्याआड थांबते, कारण आत सेठजी आहेत आणि परपुरुषासमोर एकदम कसं जायचं. सेठजींनी काय विचारलं ते तिला ऐकू येत नाही. तुमचं मात्र सगळं ऐकू येतं. तुम्ही म्हणता, "मेहरला सोडून आलो, सेठजी, ते आलोच. मेहरला शेवटचं बोललो. त्याच्यानंतर तोंडच उघडलं न्हाई." आणि सेठजी त्यांच्या मारवाडी वळणाच्या हिंदीत म्हणतात, "अच्छा किया. बिलकुल बराबर किया." मायनं डबा तिथंच पायरीवर ठेवला आणि ती घरी आली. डब्यावर मांजर बसलं की कावळा, कुणास ठाऊक. तुम्ही त्या दिवशी उपाशी आलात.

लग्नाआधी तुम्ही हैदराबादला शिकायला होतात, एवढंच तिला माहेरी सांगितलं होतं. शिकलात काय, राहिलात कुठं, मध्येच परत का आलात, ताकास तूर लागू दिली नाहीत. त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापता थापता, तव्याकडं बघतच विचारलं, "मेहर कोन?" स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मामा बसले होते, पाय लांब करून. त्यांचा डावा पाय दुमडायचाच नाही. तुम्ही एकदा मामांकडं बघितलं आणि म्हणालात, "कुणी न्हाई." माय म्हणते, तुमचा चेहरा चोरासारखा झाला होता. तिनं तेवढंच धरलं. मामांकडं का बघितलं, हे तिनंही कधी विचारलं नाही आणि मीही नाही. भावासमोर सवतीचं नाव निघालं म्हणून लाजले असतील, एवढा साधा अर्थ आम्ही लावून टाकला.

मामांच्या पायाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची. पण लिहिते, कारण आता तिच्याशिवाय पुढं जाता येत नाही. हैदराबाद संस्थान जायच्या त्या साली, पाऊस पडायच्या आधी, मायच्या गावात सरकारच्या बाजूची, हत्यारं घेतलेली माणसं शिरली. कडब्याची गंजी पेटवली. मामा आडवे गेले, त्यांच्या गुडघ्यावर घाव बसला. आणि त्याच संध्याकाळी पाटलाच्या ओसरीवरच्या बॅटरीच्या रेडिओवर हैदराबादहून मराठीत बातम्या लागल्या, की मुलखात सगळीकडं शांतता आहे. मामा बाजेवर पडून ते ऐकत होते आणि गंजी अजून धुमसत होती. पुढं जन्मभर, बाजारच्या दिवशी जालन्याला आले की जेवण झाल्यावर ते त्या बातम्यावाल्याची नक्कल करायचे. मान ताठ, आवाज मऊ, एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. "सर्वत्र... शांतता... आहे." मग पचकन अंगणात थुंकायचे. "त्याच्या जिभंला किडे पडो. मराठी माणूस आसून!" माय डोळ्यांना पदर लावायची. तुम्ही ताटातली भाकरी मोडत राहायचात. बारीक बारीक तुकडे करायचात आणि खायचा एकही नाहीत.

मी शाळेत होते तेव्हा एकदा मामांची ती नक्कल मी तुमच्यासमोर करून दाखवली. मला वाटलं तुम्ही हसाल. मान ताठ केली, आवाज मऊ केला, "सर्वत्र शांतता आहे" म्हटलं आणि मामांसारखी थुंकले. तुम्ही मला कधी हात लावला नाही, तेव्हाही नाही. पण माझं मनगट घट्ट धरून म्हणालात, "माणसाची नक्कल कर, हरकत न्हाई. आवाजाची करू नको. आवाज ज्याचा त्याला लई महागात पडतो." मी रडले. मायनं मला जवळ घेतलं आणि तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या सटवीचा आवाज आठवला आसंल." झालं. आमच्या घरात तुम्ही शिंकलात तरी ते मेहरच्या खात्यावर जायचं.

आणि ते घड्याळ! कुणाचं पत्र आलं, कुणाची तार आली, लग्नपत्रिका आली की गल्लीतली माणसं वाचून घ्यायला तुमच्याकडं यायची. तुम्ही आधी मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवायचात. रोज जेवताना हातात, अंघोळीला जाईपर्यंत हातात, आणि वाचायचं म्हटलं की काढलंच. मायचं म्हणणं, "तिनंच दिल्यालं हाये. तिच्या घड्याळासमोर दुसऱ्या बाईमाणसाचं नाव कसं घेनार?" वर्तमानपत्राचंही तसंच. तुम्ही पानं उलटत नव्हता. सगळे कागद सुटे करायचात आणि वाचून झालेला कागद दोन बोटांनी असा अलगद बाजूला सरकवायचात की करकर नाही की फडफड नाही. मी म्हणायचे, हा माणूस घरात चोरासारखा वाचतो. काहीतरी पाणी मुरतंय.

मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही मला साडी दिली नाहीत, पेन दिलं नाहीत. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक हातात ठेवलंत. जगातल्या रेडिओ केंद्रांची यादी. कुठलं केंद्र, किती मीटरवर, किती ताकदीचं, कोणत्या भाषेत, किती वाजता. कुठं कुठं पेन्सिलीच्या खुणा. म्हणालात, "कोण कुठून बोलून राह्यलंय ते माणसाला माहीत पाहिजे." मी मनात म्हटलं, हे मला सांगता? पहिल्या रविवारी दाराला कडी घालून मी ब्लेडनं त्या पुस्तकाची पाठ उसवली. मला खात्री होती की आत तिची चिठ्ठी असणार. आत खळ निघाली, वाळलेली. मग मी पेन्सिलीच्या खुणांवर गेले. त्यांत काही सांकेतिक असेल म्हणून दुसऱ्या सालचं तसलंच पुस्तक रद्दीवाल्याकडून मिळवलं, मग तिसरं. तुम्ही गेलात, मी निवृत्त झाले, पण पुस्तकं येतच राहिली. आता एक अख्खं लोखंडी कपाट भरलं आहे. लोक म्हणतात बाईला काय छंद आहे! छंद कसला? तपास होता तो.

पण खरं सांगते, त्या तपासात मला गोडी लागली. ही पुस्तकं कोर्टातल्या साक्षीदारांच्या वरताण. बंद पडलेलं केंद्र पुढची कैक वर्षं छापत राहतात. कुणी उठून ऐकायला जात नाही, मागच्या वर्षीचं बघून पुढच्या वर्षीचं लिहितात. आपलं औरंगाबादचं ते जुनं छोटं केंद्र, संस्थानच्या काळातलं, ते एका पुस्तकात भलत्याच प्रांतात टाकलं आहे. बरं, चूक होते माणसाकडून. पण दुसऱ्याच कंपनीच्या पुढच्या पुस्तकात तेच केंद्र त्याच भलत्या प्रांतात, स्पेलिंगसुद्धा तेच चुकलेलं! तिथं पकडायचं. खरं दोघांचं एक असू शकतं, त्याचं काही नाही. चूक एकसारखी निघाली की समजायचं, एकानं दुसऱ्याचं उतरवून घेतलंय. कोर्टात मी असे कितीतरी जबाब ओळखले आहेत.

यंदा हैदराबादच्या एका म्हाताऱ्या जुनी पुस्तकं विकणाऱ्यानं फोनवर फोटो पाठवले. संस्थानच्या रेडिओची छापील कार्यक्रमपत्रिका, उर्दूत. माझा पहिला विचार हाच, की चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली असणार. मला असलं एकदा विकलं गेलं आहे, वास घेतला तर साखरेचा आला. म्हणून पैसे न पाठवता मी रेल्वेनं स्वतःच गेले. मायला सांगितलं, कागद बघायला जाते. 

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यांचे वडील त्या रेडिओत यंत्रावर होते, असं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, जुनं विकणाऱ्या प्रत्येकाचे वडील तिथंच कसे असतात? त्यांनी कागद उलगडला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "देखो बहनजी, ये मेहर का परचा है."

 बापू, मी इतकी वर्षं ते नाव मायशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "कौन मेहर?" ते हसायलाच लागले. हसता हसता खोकला आला. "कौन नहीं, बहनजी. महीना है! फ़सली का महीना. आज़र, दै, बहमन, ऐसा चलता. मेहर बोले तो आपका अगस्त समझो. मेहर के बाद आबान. आबान में तो हुकूमतइच गई."

मी तिथल्या स्टुलावर बसले. फसली साल, संस्थानचं सरकारी साल, मला काय नवं होतं? अंबडला जमिनीचे जुने कागद फसली सालाचेच यायचे. पण ते उर्दूत. भाषांतर करणारा आपली इंग्रजी तारीख लावून द्यायचा, महिना काय होता कोण बघतंय! आणि तुम्ही, उर्दू शाळेत शिकलेला माणूस, मनात तेच महिने मोजत राहिलात. 'मेहरला सोडून आलो.' जसं आम्ही म्हणतो, जूनला आलो, दिवाळीला गेल्तो. माय त्या एका 'ला'वर जन्मभर जळली, बापू. अहो, एक 'महिन्यात' जोडला असतात तर काय बिघडलं असतं?

पण मग 'शेवटचं बोललो' ते कुणाशी? बाई नाही तर बोललात कुणाशी? मी म्हाताऱ्यांना विचारलं, त्या रेडिओवर मराठी कोण बोलायचं. ते म्हणाले, "थे ना, ज़िलों के लड़के. एक तो अब्बा बोलते थे आपके जालने तरफ़ का था. मीठी आवाज़. मेहर में छुट्टी लेके गया सो गया." यावर मी विश्वास ठेवला नाही. मी जालन्याची हे मीच आधी सांगून बसले होते, आणि गिऱ्हाइकाला हवं ते बोलणं हा धंदाच आहे. असला जबाब कोर्टात टिकत नाही. तेवढ्यात त्यांनी तो परचा मला वाचून दाखवायला घेतला. आधी मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. मग पहिला कागद वाचून झाला तसा दोन बोटांनी अलगद बाजूला सरकवला. करकर नाही की फडफड नाही.

मी विचारलं, "घड़ी क्यूँ निकाली?" 

"आदत है. अब्बा ने बचपन में सिखाया. माइक के सामने घड़ी नहीं, काग़ज़ की आवाज़ नहीं. सब पढ़ने वाले ऐसाच करते थे."

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मी परचा घेतला, चहाचा वास आहे का हेसुद्धा बघितलं नाही, आणि रस्त्यावर येऊन एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून रडले. लोक बघत होते. बघू देत.

तर मामांनी ज्याची जन्मभर नक्कल केली तो तुम्ही. किंवा तुमच्यापैकी एक. गंजी जळाली तेव्हा तुम्ही त्या रेडिओतच होतात, मेहर यायचा होता. 'सर्वत्र शांतता आहे' हे त्या संध्याकाळी तुमच्याच तोंडून गेलं का, बापू? का ती पाळी दुसऱ्याची होती? मेहरला सोडून आलात ते आता हे वाचणार नाही म्हणून, का वारं फिरतंय हे कळलं म्हणून? मला पहिलं म्हणायला आवडेल. लेक आहे मी. पण कारकूनही आहे, आणि पुरावा काही नाही. सेठजी 'अच्छा किया' म्हणाले, तर सेठजी नफ्याचा सौदा झाला तरी अच्छा कियाच म्हणायचे.

मला राग याचा येतो की तुम्ही तोंड उघडलं नाहीत. आणि मग ते स्वयंपाकघर आठवतं. तव्यावर भाकरी, उंबऱ्याशी मामांचा न दुमडणारा पाय, आणि माय विचारते, मेहर कोण. 'बाई न्हाई गं, महिना हाये' म्हटलं असतंत तर तिनं पुढचं विचारलं असतं. तिला सोडायची सवय नाही. त्या महिन्यात काय सोडलं, काय बोलत होता, कुणासाठी? मामांच्या समोर. मग तुम्ही तिच्या भावाचा पाय निवडला नाहीत, बाई निवडलीत. नसलेली बाई. संशय घेऊनही बायको नांदेल, ते रेडिओचं कळलं तर नांदायची नाही, असा हिशोब केला असणार. बाहेरख्याली नवरा म्हणवून घेतलंत आणि मरेपर्यंत भाकरीचे तुकडे मोडत बसलात.

मी परतले तो भाद्रपद संपत आला होता. सर्वपित्रीला माय पहाटेच उठलेली, या वयात, कंबर वाकलेली. उडदाचे वडे, खीर, गवारीची भाजी. तुमचं पान वाढलं, मामांचं वाढलं. आणि दरवर्षीसारखा बाजूला एक घास जास्तीचा. तुम्ही गेल्यावर तेराव्याला ती मला कानात म्हणाली होती, "आता ती बी रांडावली आसंल." मी दटावलं होतं तिला, नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे, तसलं नको बोलू म्हणून. पण ती जिंकल्यासारखं म्हणाली नव्हती, हे मला पुढं कळलं. पुढच्या सालापासून तो घास सुरू झाला. कुणाचा गं, तर म्हणे, "त्या हैदराबादवालीचा. तिला कोन हाये घालायला?" इतकी वर्षं भांडून भांडून माय तिला जावेसारखी घरात घेऊन बसली आहे.

मी पाट घेतला, तसं तिनं वडा तळता तळता, कढईकडं बघतच विचारलं, "भेटली का?"

"कोण?"

"मला काय कळत न्हाई व्हय? कागदं आनायला कुनी हैदराबादला जातं? जिती हाये का गेली?"

बापू, माझ्या ओठावर होतं. माय, ती बाई नव्हतीच गं, तो महिना होता. एवढं म्हणायला मी रेल्वेभर घोकत आले होते. तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल, तुमच्या नावाला लागलेला डाग जाईल, असं किती काय काय. पण तिनं झारा हातात धरून माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या मागं मामांचं पान वाढलेलं दिसलं. तिचा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला.

मी म्हटलं, "गेली, माय."

"कदी?"

"लई वर्षं झाली."

"लेकरंबाळं?"

"न्हाईत."

तिनं झारा कढईवर निथळत धरला. मग म्हणाली, "बिचारी गं. माझीच नजर लागली तिला." आणि त्या जास्तीच्या घासावर अजून एक गरम वडा ठेवला.

हे पत्र घरात ठेवता यायचं नाही. माय अजून चष्मा लावून, अक्षराला अक्षर जोडून, हाती पडेल ते वाचते. उसवलेलं तुमचं पुस्तक मी परवा चिकटवलं, पण त्यातही हे ठेवणार नाही. आज चुलीत जाईल. जन्मभर मी दुसऱ्यांची उतरवून घेतलेली चूक पकडली, आता कुणी माझी पकडायला बसलं तर त्याला फार कष्ट पडायचे नाहीत. तुमचा जबाब आणि माझा जबाब शेजारी ठेवले की झालं. बाई होती, असंच मायला समजू दिलं आपण दोघांनीही. स्पेलिंगसुद्धा तेच.